कानाला बोचणारं संगीत हौशी बँडवर कसं बसवायचं ('म्युझिक फॉर प्राग १९६८' हाताशी धरून)

मी मूळची नागपूरची, शाळेत असताना बँडमधे साईड ड्रम वाजवायचे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी एवढीच आमची वर्षभराची कॉन्सर्ट. आता गेली अकरा वर्षं ओहायोतल्या एका छोट्या गावच्या हौशी विंड बँडमधे बेस क्लॅरिनेट वाजवते. विंड बँड म्हणजे फुंकून वाजवायची सगळी वाद्यं आणि मागे पर्कशन, व्हायोलिन वगैरे काही नाही. आपल्याकडे ही जात लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडमधे दिसते (पचमढीला लष्कराची संगीत शिकवणारी अख्खी विंग आहे), नाहीतर मग लग्नाच्या वरातीत. अमेरिकेत मात्र शाळा-कॉलेजांतून हे इतकं पसरलंय की गंभीर संगीतकारांनी बँडसाठी म्हणून मोठमोठे पीस लिहिलेत, आणि त्यातले काही वाजवायला अक्षरशः घाम फोडणारे आहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंडक्टरने कारेल हुसा यांचं 'म्युझिक फॉर प्राग १९६८' आणलं. पहिल्या रिहर्सलला पहिल्या चार-पाच पानांत सहा वेगवेगळ्या लोकांनी हात वर करून एकच प्रश्न विचारला, "माझ्या पार्टमधे मिसप्रिंट आहे का?" एकाच्याही पार्टमधे नव्हती. तो स्वर तसाच होता, शेजारच्याच्या स्वराला घासूनच वाजायचा होता, आणि आम्ही सगळे तो घासतोय म्हटल्यावर नकळत तोंडाने थोडा वर-खाली ओढून 'बरा' करत होतो. चार महिन्यांत मला जे काही शिकायला मिळालं ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, की अशा संगीतात बोटं कमी पडत नाहीत, आपण दचकतो तिथे गाडी अडते. म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुमच्याकडे हाच पीस नसेल तरी चालेल, पायऱ्या बऱ्याचशा त्याच लागतात.

आधी वाद्य बॉक्समधेच ठेवा

हुसा प्रागमधे १९२१ साली जन्मले, नंतर अमेरिकेत स्थायिक झाले, कॉर्नेल युनिव्हर्सिटीत शिकवत होते. ऑगस्ट १९६८ मधे सोव्हिएत फौजा आणि त्यांच्या दोस्त देशांचे रणगाडे प्रागमधे शिरले तेव्हा ते न्यूयॉर्क राज्यातल्या कयुगा तलावाकाठी होते आणि रेडिओवरून बातम्या ऐकत होते. इथाका कॉलेजच्या बँडसाठी त्यांनी हा पीस लिहिला आणि तो जानेवारी १९६९ मधे वॉशिंग्टनला पहिल्यांदा वाजला. ही माहिती कार्यक्रमपत्रिकेत छापून विसरायची नाही, ती वाजवणाऱ्याला लागते. ट्रम्पेटवाल्याला एकाच स्वराचे ठोकेच्या ठोके का दिलेत हे त्याला कळलं पाहिजे, ते संकटाचे इशारे आहेत, भोंग्यासारखे. हे कळेपर्यंत आमची ट्रम्पेट सेक्शन ते राजवाड्यातल्या तुताऱ्यांसारखं छान गोल आवाजात वाजवत होती.

पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचे पार्ट एकाखाली एक लिहिलेली वही) मिळवा. प्रत्येकाने नाही, पण सेक्शन लीडरने (एका वाद्यगटाच्या प्रमुखाने) तरी. मग स्कोअरमधे तीन गोष्टी शोधून तीन रंगांनी खुणा करा: (हुसांनी स्वतःच प्रस्तावनेत या तीन सांगितल्यात) १५व्या शतकातलं हुसाईट लोकांचं (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांचं) युद्धगीत, घंटांचा आवाज, आणि सुरुवातीला पिकोलोच्या (सगळ्यात छोट्या फ्लूटच्या) सोलोखाली अगदी हळू येणारे तीन कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गट). युद्धगीत सगळ्यात आधी टिंपनीवर (सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांवर) दबक्या आवाजात येतं, शेवटी अख्खा बँड ते एकत्र वाजवतो. चेक लोकांना हे गाणं इतकं ओळखीचं आहे की चेक संगीतकार स्मेटानानेही ते आपल्या 'मा व्लास्त'मधे वापरलंय. आणि पिकोलो म्हणजे पक्षी, स्वातंत्र्याचा. ते तीन कॉर्ड पुढे आरियाच्या (दुसऱ्या मूव्हमेंटच्या, म्हणजे भागाच्या) मधोमध इतके जोरात येतात की खुणा केल्या नसतील तर हे तेच आहेत हे लक्षातही येत नाही.

मग गा. हो, गायचंच. ते युद्धगीत अख्ख्या बँडने उभं राहून 'ला ला' करत गायलं पाहिजे, आमच्यात एक निवृत्त पोस्टमन ट्युबा वाजवतात, त्यांनी पहिल्या दिवशी नुसते ओठ हलवले, तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. जो स्वर गळ्यातून निघत नाही तो वाद्यातून अंदाजानेच निघतो.

सामान आणि माणसं मोजा

हे कंटाळवाणं आहे पण इथेच अर्धे हौशी बँड आपटतात. पर्कशनची यादी काढा: चाइम्स (टांगलेल्या नळ्यांच्या घंटा), व्हायब्राफोन, मरिंबा, झायलोफोन (या तिन्हींत पट्ट्या ठोकून वाजवतात), टॅम-टॅम (मोठी झांजेसारखी थाळी), स्नेअर. तिसरी मूव्हमेंट (इंटरल्यूड) पूर्णपणे पर्कशनवरच आहे, बाकी सगळा बँड गप्प बसतो, त्यामुळे "एखादी वस्तू नसली तर बघू" हे चालत नाही. भाड्याने आणायचं असेल तर शेवटच्या आठवड्यापुरतं आणू नका, निदान चार रिहर्सल आधी आणा, कारण वाजवणाऱ्याला दोन वाद्यांच्या मधे किती पावलं टाकायची हेसुद्धा पाठ करावं लागतं.

पार्ट वाटण्याआधी एक संध्याकाळ दोघांनी बसून पार्ट आणि स्कोअर पडताळून घ्या. खऱ्या चुका वहीत टिपा आणि रिहर्सलला जाहीर करा, "या चार चुका आहेत, बाकी जे कानाला वाईट लागेल ते संगीतकाराने लिहिलेलं आहे." या एका वाक्याने आमचे निदान दोन तास वाचले असते, पण आम्ही ते उशिरा केलं.

कान

इथे जरा रमणार आहे, कारण माझ्या मते सगळं इथेच आहे.

आपला मराठी कान सा धरून बसलेला असतो. सा आणि कोमल रे एकदम लांबवून धरले तर आपल्याला ते चुकलेलंच वाटतं, पेटीवर चुकून दोन पट्ट्या दाबल्यासारखं. या पीसमधे असे जवळजवळचे स्वर एकमेकांवर मुद्दाम ठेवलेत, आणि दोघांपैकी एकाने जरी आपला स्वर पाव पट्टी सरकवला तरी तो ओरखडा जाऊन नुसतं बेसूर राहतं. ओरखडासुद्धा सुरात निघाला पाहिजे. त्यासाठी मी घरी तानपुऱ्याचं ॲप लावते (आमच्या बँडमधले लोक आधी हसले, आता चौघांच्या फोनवर तेच ॲप आहे). तानपुरा पांढरी दोन म्हणजे डी वर लावायचा, आधी त्याच्याशी मिळून डी लांबवायचा, मग अर्धा स्वर वर ई फ्लॅट धरायचा आणि वीस सेकंद तिथेच थांबायचं. सुरात असेल तर त्या घासण्याला एक ठराविक, एकसारखी थरथर असते. हलवलात तर थरथर बदलते, लगेच कळतं. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे, बस. मग तोच प्रकार शेजाऱ्याबरोबर, एकाने खालचा धरायचा, एकाने वरचा, आणि मधेच अदलाबदल.

एक गणित डोक्यात ठेवा. आपली वाद्यं वेगवेगळ्या पट्टीत लिहिलेली असतात, क्लॅरिनेटवर लिहिलेला सी म्हणजे प्रत्यक्षात काळी पाच वाजते, बेस क्लॅरिनेटवर तीच आणखी एक सप्तक खाली, एफ हॉर्न पाच स्वर खाली, ऑल्टो सॅक्सोफोन त्याहून खाली. म्हणून "माझा ई आहे, तुझा काय?" असं विचारून काही कळत नाही. प्रत्येक लांब कॉर्डवर आपला खरा स्वर पेन्सिलने वर लिहून ठेवा, आणि तुमच्याशी घासणारा स्वर कोणाकडे आहे त्याचं वाद्यही लिहा. माझ्या पार्टमधे एका ठिकाणी नुसतं "हॉर्न २ शी भांडण" असं लिहिलंय.

दुसरं, जोरात वाजवलं की क्लॅरिनेट उतरतं आणि फ्लूट चढते, हळू वाजवताना नेमकं उलटं. म्हणजे हळू सुरू होऊन प्रचंड आवाजापर्यंत जाणाऱ्या कॉर्डमधे फ्लूट आणि क्लॅरिनेट आपोआप एकमेकांपासून लांब पळतात. उपाय एकच, ट्यूनर समोर ठेवून एकच स्वर दहा सेकंदात हळू-ते-जोरात-ते-हळू न्यायचा आणि काटा हलू द्यायचा नाही. कंटाळा येतो. करा.

तिसरं, बँडचा ए ४४० हर्ट्झला ट्यून होतो पण व्हायब्राफोन आणि चाइम्स बऱ्याचदा ४४२ ला बनवलेले असतात, म्हणजे जवळजवळ आठ सेंट वर (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). धातूची पट्टी काही वर-खाली करता येत नाही. घंटा हा या पीसचा जीव, आणि बँड तिच्याखाली वाजत असेल तर सगळं मळकट वाटतं. त्यामुळे ट्यूनिंगचा ए ओबोकडून न घेता व्हायब्राफोनकडून घ्या. आमच्या ओबोवाल्या बाईंना हा अपमान वाटला होता, एक आठवडा बोलत नव्हत्या.

लय

विषम मात्रा आल्या की इथली मंडळी "वन-टू-वन-टू-थ्री" करत अडखळतात. आपल्याला याचं काही वाटायला नको, रूपक आणि झपताल ऐकत वाढलोय. पाच आले की 'तकिट तक', सात आले की 'तकिट तक तक' किंवा 'तक तक तकिट', आठाचे ३-३-२ असतील तर 'तकिट तकिट तक'. बोल तोंडाने म्हणत पाय एकसारखा ठेवा आणि मगच वाद्य उचला. नवीन संगीत असं म्हणून बघायला आमच्या कंडक्टरने मला एकदा पुढे उभं केलं, वीस अमेरिकन 'तकिट' म्हणत होते, 'ट' कुणालाच जमत नव्हता पण लय जमली.

खरी अडचण वेगळीच. मोठ्या स्टेजवर ट्रम्पेट आणि फ्लूट यांच्यात बारा मीटर अंतर असलं तर आवाजाला तिथे पोचायला साधारण ३५ मिलिसेकंद लागतात. मेट्रोनोम १३२ धरला तर एक सिक्स्टीन्थ नोट (ठोक्याचा पाव भाग) असते ११४ मिलिसेकंदांची, म्हणजे मागच्याने पुढच्याचं ऐकून वाजवलं तर तो जवळजवळ एक तृतीयांश नोट उशिरा. म्हणून मागे बसणाऱ्यांनी कंडक्टरच्या काठीकडे बघूनच वाजवायचं, कानावर भरवसा ठेवायचा नाही, आणि पुढच्यांनी मात्र मागचं ऐकायचं. फॅनफेअरमधले (पहिल्या मूव्हमेंटमधल्या त्या इशाऱ्यांचे) तुटक ठोके एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातात तिथे हे फार लागतं. आम्ही ते भाग आधी वाद्याशिवाय नुसत्या टाळ्या वाजवून केले, मग 'त-त-त' म्हणून, मग एकदाच वाजवून. तीन रिहर्सल या एका पानावर गेल्या आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

विश्रांतीचे बार मोजताना चुकणार हे गृहीत धरा. नुसतं '१७ बार रेस्ट' असेल तर मधे दोन खुणा लिहून ठेवा, "नवव्याला चाइम्स", "चौदाव्याला ट्रॉम्बोन सुरू". हरवलेला माणूस त्या खुणेला परत येतो.

श्वास

आरियामधे सॅक्सोफोन आणि खालच्या वाद्यांची ती लांबच लांब ओळ आहे, जड, कुठे न थांबणारी. सगळ्यांनी बारच्या शेवटी श्वास घेतला की ओळीला भोकं पडतात. भजनी मंडळात कसं, एक दम घेतो तेव्हा बाकीचे धरून असतात, तसंच इथे. शेजारी-शेजारी बसून पेन्सिलने वाटून घ्या, तू इथे, मी तिथे, बाररेषेवर कोणीच नाही, आणि परत शिरताना आवाज शून्यातून आणायचा. ठरवलेल्या जागेआधी दम संपला तर? सोडा, आणि परत शिरा. ओढून ताणून धरलेला स्वर आधी उतरतो मग फाटतो.

बोटं

टोक्काटाबद्दल (शेवटच्या, वेगवान मूव्हमेंटबद्दल) थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. मेट्रोनोमच्या ६० ला सुरू करा, पाच वेळा स्वच्छ आलं तरच चारने वाढवा. अवघड ओळ शेवटाकडून बांधा, शेवटचे दोन स्वर, मग तीन, मग चार, म्हणजे जसजसं पुढे जाल तसतसं ओळखीच्या जागी पोचाल. सरळ स्वर लांब-आखूड, मग आखूड-लांब असे वाजवून बघा. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर आपण स्वतःला माफ करतो.

विचित्र आवाज

समकालीन बँड संगीतात फ्लटर-टंग हमखास येतो, जीभ थरथरवत फुंकायचं. मराठी माणसाचा हा फुकटचा फायदा आहे, आपला 'र्र्र' जन्मजात चांगला थरथरतो, निदान फ्लूट आणि ब्रासवर तरी. क्लॅरिनेटवर माउथपीस तोंडात असल्याने जीभ अडते, तिथे गुळण्या करताना घशातून करतो तसा 'ख्र्र' करून बघा. हॉर्नवर अधिकचं चिन्ह दिसलं तर हात हॉर्नच्या रुंद तोंडात पूर्ण घट्ट कोंबायचा, स्वर अर्धी पट्टी चढतो, म्हणून हॉर्नच्या एफ बाजूला अर्धी पट्टी खालच्या स्वराची बोटं लावायची. म्यूट (आवाज दाबायला वाद्याच्या तोंडात घालायचा बोळा) लावला की ट्रम्पेट बहुधा चढतं, म्हणून म्यूट लावून वेगळं ट्यून करा, आणि म्यूट काढायला-घालायला वेळ किती आहे ते मोजा. आमच्या एकाचा म्यूट सगळ्यात शांत जागी जमिनीवर पडला होता, तेव्हापासून सगळ्यांच्या पायाखाली जुना टॉवेल.

हुसांपुढचं काही घ्यायचं असेल, उदाहरणार्थ जोसेफ श्वांटनर यांचा १९७७ मधला 'अँड द माउंटन्स रायझिंग नोव्हेअर', तर तिथे वाजवणाऱ्यांना गावंही लागतं आणि पाणी घालून सुरात लावलेले काचेचे ग्लास कडेवरून बोट फिरवून वाजवावे लागतात. पाणी वाढवलं की स्वर उतरतो. ग्लास पातळ काचेचेच घ्या, बोट साबणाने धुऊन ओलं ठेवा, आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून टेपची पट्टी चिकटवा, नाहीतर दर वेळी ट्यूनर घेऊन बसाल.

जिथे एकत्र यायचं नाही

'प्राग'च्या शेवटाकडे एक जागा येते जिथे वाजवणाऱ्यांना आपापल्या मर्जीने वाजवायचं असतं, एकमेकांशी न जुळवता. वाटतं सोपं, पण आयुष्यभर एकत्र वाजवायची सवय लागलेली माणसं दहा सेकंदांत नकळत एका तालात येतात आणि गोंधळाचा झिम्मा होतो. आम्ही शेजाऱ्याकडे पाठ करून वाजवून बघितलं. मग प्रत्येकाने घरच्या घरी स्वतःचा वेग ठरवून आणला, कुणी ७२, कुणी ९७, कुणी ११०, आणि तोच पकडून ठेवायचा. कंडक्टरने तिथे ताल देऊच नये, फक्त सुरू आणि बंद. बंदची खूण इतकी ठळक हवी की पुस्तकात डोकं घातलेल्यालाही दिसेल, कारण त्या गोंधळातून अख्खा बँड एकदम एका स्वरावर, त्या युद्धगीतावर यायचा असतो.

आणि ते एका स्वरावर येणं सगळ्यात अवघड. पन्नास माणसं, सात-आठ प्रकारची वाद्यं, सगळ्यांचा एकच स्वर, प्रचंड जोरात. हे खालून बांधा. आधी ट्युबा, मी आणि बाकीची खालची वाद्यं, तो स्वर भिंतीसारखा झाला की त्यावर ट्रॉम्बोन, मग हॉर्न, मग क्लॅरिनेट, ट्रम्पेट, शेवटी फ्लूट-पिकोलो. वरच्यांनी खालच्यांच्या आवाजाच्या आत बसायचं. जोर सत्तर टक्केच ठेवून सूर लावा, पूर्ण जोर शेवटच्या दोन रिहर्सललाच.

रिहर्सल कशा वाटायच्या

आमच्या चौदा होत्या, दर मंगळवारी दोन तास. आता परत केलं तर मी अशी वाटेन: पहिल्या रिहर्सलला पीस सुरुवातीपासून वाजवायचाच नाही, फक्त गाणं गायचं आणि ते तीन कॉर्ड लांबवायचे. नंतर पाच-सहा तुकड्या-तुकड्यांनी, त्यातल्या दोन निव्वळ सेक्शनल (प्रत्येक वाद्यगट वेगळा बसून). पर्कशनवाल्यांना इंटरल्यूडसाठी वेगळी खोली आणि वेगळा वार द्या, बाकी पन्नास लोक त्यांच्याकडे बघत बसले की ते घाबरून जोरात वाजवतात, आणि त्या मूव्हमेंटची भीती सगळी तिच्या हळू आवाजात आहे. सलग पूर्ण पीस दहाव्या रिहर्सलच्या आधी नको. शेवटच्या तीनमधे थांबायचं नाही, काहीही झालं तरी.

कान सांभाळा, हे चेष्टेवारी नेऊ नका. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ट्रम्पेटच्या पुढे आणि टॅम-टॅमच्या शेजारी बसणाऱ्यांना संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग घ्यायला लावा, फोमचे नकोत, त्याने वरचा आवाज मरतो आणि माणूस आणखी जोरात वाजवतो. ते घालून वाजवायची सवय व्हायला तीन आठवडे लागतात, कॉन्सर्टच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

कॉन्सर्टचा दिवस

कार्यक्रमात हा पीस मध्यंतरानंतर पहिला ठेवा, पर्कशनची मांडणी मध्यंतरात होते. मांडणीचा नकाशा कागदावर काढून प्रत्येक वस्तू उचलणाऱ्याचं नाव लिहा. सुरू करण्याआधी दोन मिनिटं लोकांना ते युद्धगीत वाजवून दाखवा, फक्त एक हॉर्न, आणि १९६८ ला काय झालं ते चार वाक्यांत सांगा. आम्ही हे केलं. हुसांना स्वतःला हा पीस १९९० मधे प्रागमधे ऑर्केस्ट्रावर कंडक्ट करता आला, तेही सांगितलं.

शेवटचा स्वर थांबल्यावर कंडक्टरने हात वर धरून ठेवायचा आणि तोपर्यंत कुणी वाद्य खाली घ्यायचं नाही, रीड पुसायची नाही, पान मिटायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा. आमच्या हॉलमधे तेवढ्या वेळात फक्त टॅम-टॅम गुणगुणत होता, आणि पर्कशनवाल्या मुलाने तो हाताने दाबून बंद केला नाही म्हणून मी त्याला नंतर जेवायला घरी बोलावलं, वरण-भात आणि वांग्याची भाजी. टॅम-टॅम आणि चाइम्स दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत परत करायचे होते, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं लागतं, ते तेवढं यादीत लिहून ठेवा.